रांगेतला चोविसावा

इस्पितळाच्या संशोधन विभागात त्याला सगळे ‘रांगवाले’ म्हणत. आकडे मोजके आणि वेडेवाकडे असले की तो सरासरीवर विसंबायचा नाही. सगळ्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत लावायचा, नंबर द्यायचा आणि कुठल्या गटाचे नंबर पुढे, ते बघायचा. वीस वर्षं हेच केलं, पदरात पडली ती चेष्टा.

मग जखमेच्या नव्या मलमाची चाचणी आली. बारा रोग्यांना जुनं, बारांना नवं. जुनंवाले बहुतेक विसाव्या दिवशी बरे, नवंवाले तिशीला टेकलेले. पण जुन्यात एक पहारेकरी होता. जखमी पायावर रोज उभा राहायचा. त्याला एकशे नव्वद दिवस लागले. त्या एकट्याने सरासरीची वाट लावली आणि नवं मलम पाच दिवसांनी सरस ठरलं! रांगेत मात्र पहारेकरी नुसता चोविसावा. नंबरांची बेरीज जुन्याची अठ्ठ्याण्णव, नव्याची दोनशे दोन; बेरीज जितकी कमी, तितके रोगी लवकर बरे. नवं मागे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मोठ्या डॉक्टरांनी कागद परत सरकवला. “रांगा तिकिटाच्या खिडकीवर लावा. इथे सरासरी लिहा आणि सही करा.”

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्याने मुकाट्याने सही केली. भित्रा माणूस, दुसरं काय! जुनं मलम बंद झालं.

पुढे शिवणकामाच्या कारखान्यात बायकोच्या पायावर कात्री पडली. मालकिणीने तीन आठवडे जागा राखायचं कबूल केलं. नर्सने नवी ट्यूब दिली. “घ्या वहिनी, साहेबांच्याच सहीचं आहे.” बायको कौतुकाने हसली. त्याने दुकानं पालथी घातली, पण जुनं कुठेच मिळालं नाही.

बाविसाव्या दिवशी मालकिणीचा फोन आला. जागा भरली होती. जखम अजून ओलीच होती.

तो खाली बसून पट्टी बदलत होता.

“अहो, जुनं लावलं असतं तर?” तिने विचारलं.

“चाचणीत बहुतेक विसाव्या दिवशी बरे झाले होते,” तो पट्टी उलगडत म्हणाला.

“वीस दिवस?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

तिने त्याच्या हातातून पाय काढून घेतला आणि उरलेली पट्टी स्वतःच गुंडाळली.