पेन्सिलीने लिहायचं असतं

कानामागून आली आणि तिखट झाली, असं आमची आई म्हणायची. ती पुण्याची पोरगी आमच्या लॅबमध्ये आली, तेव्हा मला तिथे मेंदूचे काप करत चौदा वर्षं झाली होती. तीन महिन्यांत सर मला सोडून तिलाच विचारायला लागले. भोपाळच्या परिषदेत आमचं काम ती दाखवणार की मी, हेही ठरायचं होतं. खरं सांगते, माझं पोट दुखायचं.

काय है की, उंदराच्या गर्भात मेंदूच्या पेशी आत खोल जन्मतात आणि बाहेरच्या बाजूला चढत जातात. आधीच्या खालीच थांबतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जाऊन बसतात. एका गाभण उंदरिणीला बाराव्या दिवशी खुणेचं औषध टोचायचं, दुसरीला पंधराव्या. मग पिल्लांच्या मेंदूत बघायचं, त्या त्या दिवशीच्या पेशी कुठवर पोचल्या. काप मेणातले असतात, काचपट्टीवर घेऊन मेण झायलीनमध्ये विरघळवतात. म्हणून पट्टीच्या टोकावर दिवस लिहायचा तो पेन्सिलीने. शाई झायलीनमध्ये धुऊन जाते.

त्या दुपारी ती पेनने लिहीत होती. अक्षर काय सुंदर मेलीचं. मी शेजारीच उभी होते. म्हटलं, जाऊ दे धुऊन. आणि चहा प्यायला गेले.

दोन दिवसांनी तिच्या सगळ्या पट्ट्यांची टोकं कोरी. बारावा कुठला, पंधरावा कुठला, काही कळेना. रंगलेल्या पेशी वर दिसल्या की पंधरावा, असं मागून ठरवता आलं असतं; पण जे तपासायचं तेच आधी धरून चालायचं, ही लबाडी झाली असती. ती सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिली. सर माझ्याकडे वळले, "मॅडम, आपने बताया नहीं था इसको?"

मी समोरची एक कोरी पट्टी उचलून उजेडात धरली.

"ताईने बताया था सर," तीच म्हणाली. "मैं ही भूल गई।"

संध्याकाळी राजेंद्र नगरच्या बसस्टॉपवर मी तिला गाठलं. म्हटलं, "खोटं का गं बोललीस?"

"तुम्ही शेजारी उभ्या होतात ना, ताई. मला वाटलं, मी चुकत असते तर तुम्ही बोलल्या असतात. हे सरांना कसं सांगू?"

भोपाळला मीच गेले, माझ्या पेन्सिलीच्या पट्ट्या घेऊन. तिचा हेवा मला अजून वाटतो. पण आता तो तिच्या कामाचा नाही, तिला असा भरवसा ठेवता येतो त्याचा.