आई शांत झाली तेव्हा

लालबागला दादाच्या घरी जाताना जिन्यातच आईचा आवाज ऐकू यायचा. स्मृतिभ्रंश होऊन तिला चार वर्षं झाली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. मला ती कधी मुलगी समजे, कधी तिची कोकणातली बहीण. पण दारात पाऊल टाकलं की खणखणीत विचारायची, "कोण गो तू? चाय घेतलंस?" वहिनीवर चोरीचा आळ घ्यायची, संध्याकाळ झाली की "माका घराक जावचा हा" म्हणत दाराची कडी खडखडवायची. दादा-वहिनी दमले होते, ते मला दिसत होतं. मी दादरला राहणार, रविवारी तासभर जाऊन बसणार. म्हणून सल्ला द्यायला तोंड उघडत नसे.

त्या रविवारी गेले तर घर चिडीचूप. वहिनीने हसत दार उघडलं.

"ये, बघ तुझी आई. तीन-चार दिवस झाले, एकदम शहाण्यासारखी झालीय. काल तर आम्ही बाहेरून कुलूप लावून सिनेमाला जाऊन आलो. जागची हलली नाही."

"देवानं ऐकलं तुमचं," शेजारच्या काकू म्हणाल्या.

आई खाटेवर मान टाकून बसली होती. ओठांच्या कोपऱ्यात पेज वाळलेली. चादरीला लघवीचा वास, आणि तो मारायला वर कुणीतरी भसाभसा पावडर ओतलेली. तो गोड-आंबट वास नाकात गेला. आणि त्या दोघी प्रसन्न चेहऱ्याने उभ्या होत्या.

"आये, मी इलंय," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता नजर भिंतीवर घसरली. बोटांनी ती चादरीतून काहीतरी वेचत होती, जिथे काहीच नव्हतं. गेल्याच रविवारी तिने माझ्याबरोबर बसून मटार सोलले होते. ती विसरायची, पण तुमच्याकडे बघून विसरायची. आज ती माझ्याकडे बघूच शकत नव्हती.

"हिला काय दिलंत?"

"काही नाही गं," दादा म्हणाला. "अंगाला खाज येत होती, म्हणून केमिस्टकडून गोळी आणली. तो म्हणाला, झोप पण छान लागेल. मग खाज गेली तरी चालूच ठेवली."

हे त्याने घरात पंखा बसवल्याचं सांगावं तसं सांगितलं.

खालच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच पाहून म्हणाले, "वय झालं. हा आजार असाच पुढे सरकतो. आता सांभाळायला सोप्या जातील." आणि फी खिशात घालून गेले.

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "उगाच बसलेली घडी मोडू नकोस."

मी टॅक्सी बोलावली. शेवटी त्यानेच, तोंड वाकडं करून, शेजाऱ्याच्या मदतीने तिला खुर्चीत बसवून खाली आणलं.

परळच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. त्यांनी विचारलं, "आजी आधी कशा होत्या?"

"वेडीच आहे हो. डिमेन्शिया," दादा म्हणाला.

"ते कळलं. गेल्या रविवारी कशा होत्या?"

"भांडत होती," मी म्हटलं.

तेव्हा डॉक्टर पुढे झुकल्या. आईला वार म्हणून दाखवायला सांगितलं. आई सोमवार म्हणाली आणि झोपली. डॉक्टरांनी ओटीपोटावर हात दाबला, तशी आई कण्हली.

"स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू चढतो," त्या आम्हाला म्हणाल्या. "चार दिवसांत माणूस असं होत नाही. हे डिलिरियम आहे, अचानक येणारा संभ्रम. यात लक्षच टिकत नाही, आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतं. पेशंट ओरडला, त्याला भास झाले तर घरचे धावत येतात. गप्प झाला तर खूश होतात. ज्यांना स्मृतिभ्रंश असतो त्यांना हे लवकर होतं. कारण शोधायचं असतं. इन्फेक्शन, औषधं, अंगातलं पाणी कमी होणं, साधी बद्धकोष्ठतासुद्धा."

आईच्या बाबतीत सगळंच होतं. त्या गोळीने लघवी तुंबून नुसती थेंबथेंब गळत होती, तिथे इन्फेक्शन झालं होतं, पोट साफ झालं नव्हतं, आणि झोपेत कुणी पाणी पाजलं नव्हतं. नळी घातली तेव्हा पिशवी भरतच गेली. गढूळ, घाण वासाची. इतकं सगळं पोटात घेऊन ती चार दिवस शहाण्यासारखी बसली होती.

गोळी बंद झाली. सलाइन, अँटिबायोटिक, पोट साफ व्हायचं औषध. डॉक्टरांनी आईचा चष्मा घरून मागवला, दिवसा खिडकीजवळ बसवायला सांगितलं, आणि ओळखीच्या माणसाने सतत बोलत राहायला. हात बांधायचे नाहीत, झोपेची गोळी मागायची नाही, हे बजावलं. हे बरं होईल, जुना आजार राहील, तेही स्पष्ट सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी मी तिला भात भरवत होते, तशी तिने माझा हात झिडकारला आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडली, "मेल्यांनो, माझ्यो बांगड्यो खंय ठेवल्यात?" मला हसू आलं आणि रडूही.

दादाचा चेहरा पडला. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने डॉक्टरांना गाठलं. "मॅडम, ती गोळी थोडी कमी करून चालू नाही का ठेवता येणार?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो दुष्ट नाही. चार वर्षं त्याने तिचं केलं, मी केलं नव्हतं. हे सगळं मला मान्य होतं, आणि तरीही त्याच्या शेजारी बाकावर बसवेना.

आईला मी दादरला आणलं. दिवसा एक बाई येते. स्मृतिभ्रंश त्याच्या चालीने चाललाय. आता मला ती बहीणसुद्धा म्हणत नाही, कुणाही अनोळखी बाईला म्हणावं तसं "बाय" म्हणते. मागच्या महिन्यात सकाळपासून ती गुंगीत वाटली, घास तोंडात तसाच धरून बसली. मी ऑफिसला गेलेच नाही, तिला थेट परळला नेलं. खोकल्याचं औषध मानवलं नव्हतं. ते थांबवल्यावर हळूहळू तरतरीत झाली.

दादाचे फोन येतात. "त्रास देते का गं फार?" एवढंच विचारतो. परवा फोन आला, तेव्हा मी उचललाच नाही. आई वरणात बोटं बुडवून मला शिव्या देत होती.