राक्षसाचा चहा

माझ्या मामाइतका मोठ्या मनाचा माणूस बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दुसरा नव्हता, निदान वहीत तरी. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारा हा फिटर दिवसभर कारखान्यात नटबोल्टवर पाने फिरवायचा आणि घरी आला की विनोदी अद्भुत कादंबरी लिहायला बसायचा. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली, तरी मामाची कादंबरी संपेना. तिच्यातल्या गावात राक्षस, मुंजा, हडळ आणि वीतभर उंचीचे बुटके शेजारीशेजारी राहत, एका नळावर भांडत आणि एकाच पंगतीला जेवत. लिहिण्याच्या तंद्रीत मामानं एकदा आमटीऐवजी पाण्यात भाकरी कुस्करली आणि खाल्लीसुद्धा. मामीनं टोकलं तर म्हणाला, "गप गं, हडळीला बघायला पाव्हणं आल्यात."

ऐकायला हक्काचा माणूस एकच, कोपऱ्यावर चपला शिवणारे तात्या. बाकी सगळे वही दिसली की पळायचे. तात्या मात्र दर रविवारी मागच्या पायरीवर बसून ऐकायचे आणि हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. जातीमुळं त्यांचा कप मामीनं वेगळा ठेवला होता. कान तुटलेला तो कप खिडकीत पालथा असायचा. इतकी वर्षं तो मामाला दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

एका रविवारी मामानं नवं प्रकरण वाचलं. राक्षस चहाला यायचा म्हणून बुटके गावातल्या सगळ्या दारांच्या चौकटी उंच करतात. तात्या खदखदून हसले. मग आपला कप आपणच विसळत मामाला सहज म्हणाले, "आबा, राक्षस आत आला त्ये ब्येस झालं. पर त्याला च्या कुठल्या कपात दिला, त्ये न्हाय लिव्हलं तुमी."

मामानं वही मिटली. पुढचे दोन रविवार त्यानं तब्येतीचं निमित्त सांगून वाचन टाळलं. लाजेपायी हा आपला एकुलता एक श्रोता घालवून बसणार, असं मला वाटू लागलं. तिसऱ्या रविवारी तो स्वतः कोपऱ्यावर गेला आणि तात्यांना पुढच्या दारानं घेऊन आला. मामी धुसफुसत राहिली. मामानं खिडकीतला कप उचलून त्यात स्वतःचा चहा ओतला. "राक्षसाचा कप हाय, राक्षसानंच प्यावा," म्हणाला आणि वही उघडली.

मामा गेला, कादंबरी अर्धीच राहिली. तो फार उशिरा शहाणा झाला, पण झाला, म्हणून मला तो अजून आवडतो. तात्या त्या रविवारपासून कायम खुर्चीवर बसून ऐकायचे. ते जेमतेम पाच फुटांचे, चौकट त्यांच्या डोक्याच्या हातभर वर. तरी आत येताना मान वाकवायचे.

"तात्या, न्हाय लागत वो डोक्याला," मामा म्हणायचा.

"ठावं हाय," तात्या म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा वाकायचे.