सर्वसहमतीचं फाटक

शांतता समितीच्या बैठकीत जेवढी भांडणं होतात तेवढी दारूच्या गुत्त्यावर होत नाहीत, असं गादीवाल्या मावशींचं ठाम मत होतं. समितीत त्या पहिल्या दिवसापासून होत्या. गुत्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण मत बनवायला पाहायलाच हवं असं थोडंच आहे?

मावशींचं गाद्या-उशा भरायचं दुकान गल्लीच्या पार टोकाला. दुकान कसलं, एक लांबट खोली. अर्ध्या खोलीत कापूस, अर्ध्यात मावशी, आणि दोन्हींवर सारखीच धूळ. दुकानाला लागूनच लोखंडी फाटक होतं. अलीकडची गल्ली आणि पलीकडची वस्ती यांच्यात काही वर्षांपूर्वी दगडफेक झाली, तेव्हा पोलिसांनी ते घातलं आणि कुलूप ठोकून मोकळे झाले. दगडफेक कशावरून झाली ते अलीकडचे एक सांगतात, पलीकडचे दुसरंच, आणि दोन्ही ऐकल्यावर वाटतं, एवढ्याशासाठी?

पलीकडे, फाटकातून दिसेल असं, मावशींच्या थोरल्या बहिणीचं घर. पूर्वी ताई रोज दुपारी दुकानात यायची. एका गादीच्या दोन टोकांना दोघी बसायच्या, टाके घालत घालत मधोमध यायच्या आणि तोवर साऱ्या गावाची धुलाई करून झालेली असायची. फाटक आलं आणि ते सगळं संपलं. रस्त्याने वळसा घालून जायचं तर मावशींचे गुडघे बोंब मारायचे, आणि ताईला तर तेवढं चालणं शक्यच नव्हतं. तेव्हा गजांतून बोलणं, गजांतून भाजीची वाटी देणं, एवढंच उरलं.

समिती काढली ती बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी. घरात कोणी विचारेनासं झाल्यावर त्यांना समाजाची आठवण झाली. मग फाटकापुढे मेणबत्त्या लागल्या. मानवी साखळी झाली. ती फाटकापाशी तुटायची, म्हणून गजांतून रिबीन ओवली. मावशींनी कापूस भरून कबुतरं करून दिली, ती कोंबड्यांसारखी दिसली तरी सगळ्यांनी वाखाणली. आणि दरवर्षी एकदा दोघी बहिणींना फाटकाच्या दोन बाजूंना उभं करून, गजांतून हात हातात द्यायला लावून फोटो काढायचे. "चेहरा जरा आणखी दुःखी करा," असं साहेब सांगायचे. पलीकडून ताई म्हणायची, "तुमच्याकडे बघितलं की आपोआप होतो."

समितीचा एक नियम होता. मतदान करायचं नाही. मतदानात कोणी जिंकतं, कोणी हरतं, आणि तिथूनच म्हणे वैर सुरू होतं. म्हणून प्रत्येक निर्णय सगळ्यांच्या सहमतीने. एकाचाही नकार असला तर विषय पुढच्या बैठकीत. हा नियम ऐकून मावशींनीसुद्धा मान डोलावली होती. ऐकायला तो फार गोड होता, आणि तेवढंच त्याचं काम होतं.

पुढे बदली होऊन जाताना पोलिसांचे मोठे साहेब फाटकाची किल्ली समितीला देऊन गेले. "आता सगळं शांत आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा उघडा," म्हणाले. झालं, समितीला घाम फुटला. इतकी वर्षं फाटकापुढे कार्यक्रम केले, आता फाटकच उघडलं तर करायचं काय? कोणी बोललं नाही, पण तोंडं सांगत होती. ठरलं असं की भव्य समारंभ करून उघडायचं, आणि तोवर किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे बँकेच्या साहेबांकडे. मावशींनी किल्लीसाठी मखमलीची एक छोटी गादीही शिवली. आता त्याचा विचार आला की त्यांना स्वतःचाच राग यायचा.

मग नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. साहेबांना पाहुणे मोठे हवे होते. औषधांच्या दुकानदाराला पाहुणे चालत होते, तारीख चालत नव्हती. तारीख जमली तर वकीलबाईंना निमंत्रणातला 'उद्घाटन' हा शब्द खटकला, कारण फाटकाचं उद्घाटन म्हणजे फाटकाचा गौरव. विषय पुढच्या बैठकीत, पुन्हा पुढच्या बैठकीत. भिजत घोंगडं वाळायचं नाव घेईना.

अशात एका सकाळी ताईने गजांतून सांगितलं, "धाकटे, पोरगा येतोय महिनाअखेर. मला घेऊन जाणार आहे त्याच्या गावी. आता परत येणं होईल असं वाटत नाही."

 मावशी म्हणाल्या, "मी रिक्षा करून आणते तुला. एक दिवस तरी दुकानात बस."

"बहिणीकडे जायला रिक्षा? समोर तर दिसतंय तुझं दुकान. गाडीत बसून परगावी जातात. मी चालत येत होते, चालतच येईन. नाहीतर राहू दे."

असला हट्ट. लहानपणापासून असाच. आणि मावशींना तो पटत होता, हीच खरी पंचाईत.

त्या साहेबांच्या घरी गेल्या. किल्ली मागितली, फक्त एका दुपारपुरती. साहेबांनी चहा दिला, किल्ली दिली नाही. "मावशी, भावना समजते. पण एकदा कोणी आत-बाहेर केलं की समारंभाला अर्थ काय राहिला? शिवाय सर्वांची सहमती लागेल."

मावशी घोट न घेता उठल्या. घरी येऊन त्यांनी एक उशी इतकी ठासून भरली की गिऱ्हाइकाने ती परत आणली.

पुढच्या बैठकीत साहेबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "मागील निर्णय, किल्ली अध्यक्षांकडे राहील. कायम?" सगळे नेहमीप्रमाणे म्हणाले, "कायम."

"माझी सहमती नाही," मावशी म्हणाल्या.

असं कधी घडलंच नव्हतं. 'कायम' हे नुसतं म्हणायचं असतं, त्याचा विचार करायचा असतो हे कोणाला माहीत?

"एकाचाही नकार असला तर निर्णय नाही ना? मग किल्ली तुमच्याकडे राहायचा निर्णय आता नाही. ठेवा टेबलावर."

"मग ती कोणाकडे राहणार?" वकीलबाईंनी विचारलं, आणि तिथेच घात झाला. औषधवाला म्हणाला, माझ्याकडे. साहेब म्हणाले, तुमच्याकडून तर गोळ्याही मोजून घ्याव्या लागतात. औषधवाल्याने त्यांची गचांडी धरली, वकीलबाई दोघांना सोडवताना दोघांवरही ओरडल्या, आणि भिंतीवरचा सलोख्याचा फलक टेबलावर कोसळला. मावशींनी त्याखालून किल्ली काढली आणि चालू लागल्या. कोणाचं लक्षही नव्हतं.

कुलूप गंजलेलं होतं. शिलाई यंत्राचं तेल सोडून, शिव्या घालून ते उघडलं. पलीकडे ताई दारातच बसली होती. काठी टेकत, भिंतीला हात लावत ती आली, वाटेत दोनदा थांबली, आणि दुकानात येऊन गादीच्या टोकाला बसली. "सुई दे," म्हणाली. तिला नीट दिसत नव्हतं, टाके वेडेवाकडे पडत होते. मावशींनी ते उसवले नाहीत. त्या रडत होत्या, आणि ताई म्हणत होती, "कापूस भिजेल, तिकडे तोंड कर."

तेवढ्यात साहेब फोटोवाल्याला घेऊन धापा टाकत आले. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. "ताई, एक विनंती. आपण परत पलीकडे जाऊन पुन्हा एकदा याल का? पहिलं पाऊल टिपायचं राहिलं."

ताईने वरही पाहिलं नाही. "तुम्हीच जा. आणि पुन्हा येऊ नका."

ताई रोज येत राहिली. मग भाचा आला आणि तिला घेऊन गेला. जाताना ती फाटकातूनच गेली, आणि मावशी गाडी वळेपर्यंत तिथे उभ्या होत्या.  

त्यानंतर समितीची एकदाची सहमती झाली. समारंभ करायचा, आणि त्यासाठी उघडं फाटक आधी बंद करायचं, म्हणजे पाहुण्यांना उघडता येईल. साहेब दुकानात आले. "मावशी, बहिणींच्या भेटीचा प्रसंग ठेवलाय. तुमच्या ताई नाहीत हे माहीत आहे. पलीकडची एखादी म्हातारी उभी करू. लांबून कोणाला कळतंय?"

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग गल्ल्यातली किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या.

समारंभाच्या दिवशी, फाटक लावायच्या आधीच, मावशी पलीकडे गेल्या. ताईच्या घराला कुलूप होतं. पायरी झाडून त्या तिथेच बसल्या, फाटकाकडे पाठ करून. इकडे भाषणं झाली, आजवर या फाटकातून कोणी गेलेलं नाही असं साहेबांनी सांगितलं, टाळ्या पडल्या, पाहुण्यांनी किल्ली फिरवली. "मावशी, अहो मावशी, इकडे बघा," अशा हाका आल्या.

त्या वर्षीच्या प्रत्येक फोटोत उघडं फाटक आहे, साहेब आहेत, पाहुणे आहेत, आणि सगळ्यांच्या मधोमध, मागे, बंद दाराकडे तोंड करून बसलेली एक पाठ आहे.