दगडावरच्या खुणा

त्यांनी पाणी माझ्या हातात दिलं नाही. कागदी कप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

तमिळ मुलखातल्या कोवलमच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्यांचा जुना बंगला. रस्ता रुंद होणार होता. दगडी भिंत आणि फाटकाची कमान वाचवायची, तर त्यांचं वारसामूल्य कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. अण्णा नगरच्या आमच्या ऑफिसने मला पाठवलं. मी आर्किटेक्ट. सोलापूरकडची.

मालक तंजावरी मराठी, सत्तरीचे. माझं मराठी ऐकून आधी खूश झाले. "या, या. आपल्यातल्याच की तुम्ही." मग आडनाव विचारलं. मग वडील काय करायचे ते.

"दगड फोडायचे. वडार आम्ही."

ते आत वळून बायकोला तमिळमध्ये म्हणाले, "ओट्टर पोण्णु. वेळियिलेये इरुक्कट्टुम." वडाराची पोर. बाहेरच राहू दे.

त्यांना वाटलं, मला तमिळ कळत नाही. सहा वर्षं झाली मला या शहरात.

आणि मी काय केलं? कप उचलला. प्यायले. वर "थँक्यू सर" म्हणाले. त्या थँक्यूची किळस अजून जात नाही.

चार दिवस उन्हात भिंत मोजली. पल्लवरमच्या खाणीतला काळा दगड. सांध्यात नख जात नाही. कमानीच्या मागच्या अंगाला बारीक खुणा कोरलेल्या. मासा, त्रिशूळ, दोन रेघा. घडवणाऱ्यांच्या खुणा. माझा बापही अशी खूण करायचा. दगडाचा भुगा छातीत साठून तो गेला. त्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही.

तिसऱ्या दिवशी मालक गॅलरीतून मला हसत सांगत होते, "पणजोबा चाबूक घेऊन उभे राहायचे. त्याशिवाय ओट्टर हलायचे नाहीत."

मी अहवालात लिहिलं : ही भिंत ओट्टरांनी चाबकाखाली बांधली. तिचं पहिलं मोल त्यांच्या खुणांत आहे.

मसुदा वाचून मालकांनी दोन्ही ओळींवर काट मारली. "हे कशाला? भिंत पणजोबांनी बांधली."

"पणजोबांनी एक तरी दगड उचलला का?"

त्यांनी सरळ माझ्या साहेबांना फोन लावला. साहेब मला म्हणाले, "दोन ओळींचा तर प्रश्न आहे. काढून टाक."

"ओळी राहतील. नाहीतर माझी सही नाही."

ओळी काढून सही दुसऱ्याने केली. भिंत वाचली. कमानीवर पणजोबांच्या नावाची पितळी पाटी लागली. माझी नोकरी गेली.

आता रविवारी मी शहरातल्या जुन्या भिंतींना कागद लावून कोळशाने खुणांचे ठसे घेते. ते घेऊन ओट्टरांच्या वस्त्यांत जाते. म्हातारी माणसं बोटाने चाचपून सांगतात, ही अमक्या घराची. मी नाव लिहून घेते.

याचं पुस्तक होणार आहे. त्यात एकाही मालकाचं नाव येणार नाही.