ढोरगुंजेला आवतन

लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी आमच्या घरी पाळणा हलला नाही. धाराशिवच्या डॉक्टरांनी दोघांना तपासलं आणि दोष यांच्यात आहे, माझ्यात नाही, असं स्पष्ट सांगितलं. घरात सासऱ्यांना तेवढं कळलं. गावात मात्र वांझ मीच. कुणाच्या डोहाळजेवणात ओटी भरायला मला कुणी बोलवत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही तोंड उघडलं नाही. पण आतून जळायचे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांनी मग ढोरगुंजेचं मनावर घेतलं. दुकानात हिलाच अश्वगंधा म्हणतात. भूकंपात पडलेल्या आमच्या जुन्या गावाच्या ढिगाऱ्यांवर ती कमरेएवढी माजलीय, कागदी टोप्यांत लाल मणी लपवून. तिची मुळी पुरुषमाणसाला कशासाठी दुधातून देतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मेडिकलवर चूर्ण मिळतंय की," हे पुटपुटले.

"आवतन न देता उपटलेल्या मुळीचा गुण येत न्हाय," मामा म्हणाले.

आवतन म्हणजे आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू वाहायचं आणि उद्या घरी चल म्हणायचं. सकाळी मुळी खणायची, अन् ती घरात येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

नव्या गावाचे रस्ते सरळसोट. मामा मुळी घेऊन आले ते लांबूनच सगळ्यांना दिसले. मी नळावर होते. पारावरून एकानं विचारलं, "ढोरगुंज कुणाला वो? तुमच्या गुडघ्याला का पोराला?"

एरवी मामांनी खुशाल गुडघ्याचं नाव सांगितलं असतं. पण नियम मोडवेना. ते खाली बघत चालत राहिले. पारावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि नळावरच्या सगळ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

चारच दिवसांत शेजारच्या काकू लेकीची ओटी भरायला बोलवायला आल्या. "तुझ्यात दोष न्हाय हे आमाला काय ठावं, बाई!" मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

परत आले तर हे घरातच. पारावरच्या गप्पांशिवाय ज्यांची दुपार सरत नसे, ते चार दिवस उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. ही गोष्ट माझ्या तेव्हा कुठं ध्यानात आली. मी मुळीच्या दुधाचा पेला पुढं केला.

"वटी भरू दिली का तुला?"

मी मान डोलावली.

"मग बरं झालं," म्हणाले. "माझं काय, मी बसतो घरी." ते कडू दूध त्यांनी एका दमात संपवलं.

लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं. पण डोहाळजेवणात हौसेनं गाणी म्हणून म्हणून माझा गळा बसला होता.