खुनाच्या सीनमधली गोधडी

आमच्या विक्रोळीच्या चाळीत वनमाला आणि शकु एका खोलीत राहायच्या. वनमाला आमच्या मालवणकडची, अंधेरीच्या स्टुडिओत नट्यांचे केस करायची. शकु साताऱ्याकडची, कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. लग्न दोघींनीही केलं नाही. चाळ त्यांना मैत्रिणी म्हणायची. मी भिंतीला भिंत लागून राहणारी, मला दिसायचं ते मैत्रीपेक्षा जास्त होतं. पण माझ्या बापाचं काय जात होतं? एकीला ताप आला की दुसरी उशाशी बसायची. माझ्या नवऱ्याला हे अख्ख्या जन्मात जमलं नाही.

स्टुडिओत एक हिंदी खुनाची सिरियल चालू होती. सेटवर घर सजवायला सामान कमी पडलं की कामाच्या माणसांनीच घरून आणायचं, कुणी खाट, कुणी कळशी. वनमालाने हौसेने गोधडी नेली. शकुने ती दोघींच्या जुन्या पातळांची शिवलेली, एक पट्टी हिरवी, एक निळी. रोज गॅलरीत उन्हाला पडायची, त्यामुळे चाळीत सगळ्यांच्या ओळखीची. सीन कसला आहे, हे वनमालाला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

टीव्ही आमच्याकडे. सिरियल लागली की चाळ आमच्या खोलीत. त्या दिवशी वनमालाने शकुला पुढे बसवलं, आपली गोधडी बघ म्हणाली. सिरियलमध्ये एकत्र राहणाऱ्या दोन बायका. एकीचं लग्न ठरतं, दुसरी तिचा जीव घेते आणि प्रेत झाकते, त्याच गोधडीने. वर लाल रंगाचे डाग. शेवटी इन्स्पेक्टर म्हणतो, असल्या बायकांचं असंच होतं. मेल्याला अक्कल नाही! या सिरियलवाल्यांकडे असल्या बाईला दोनच कामं, मारायचं नाहीतर मरायचं.

सगळ्यांनी गोधडी ओळखली आणि सगळ्यांच्या माना शकुकडे वळल्या. ती उठून गेली.

मग सुरू झालं. चाळीतल्याच प्रेमा नावाच्या बाईने आपल्या बाळाच्या गोधडीसाठी शकुकडे दिलेली पातळं परत नेली. शकु नळावर आली की बायका गप्प. मला इतका राग यायचा! शकुने मनाला लावून घेतलं. वनमालाच्या नावाला आपल्यामुळे बट्टा नको, म्हणून मुलुंडच्या भावाकडे राहायला जाते म्हणाली. वनमालाने रडून पाहिलं, शकु ऐकेना.

रविवारी भाऊ न्यायला आला. शकुची पिशवी भरलेली. वनमाला खाली नळावर, स्टुडिओतून परत आणलेली गोधडी घासत होती. रंग निघेना. प्रेमा म्हणाली, टाकून दे ना ती.

वनमाला उभी राहिली. "का टाकू? आमची आहे. मी आणि शकु तिच्यात झोपतो."

नळावर सगळ्यांचे हात थांबले. वनमालाने खाली वाकून गोधडी उचलली. भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळता येते का? दोनदा हातातून सुटली. मी गुडघे धरून उठले, तोवर जिन्यावर पावलं वाजली. शकुने पिशवी पायरीवर ठेवली, सगळ्यांच्या मधून आली आणि गोधडीचं दुसरं टोक धरलं.

"घट्ट धर गं," ती म्हणाली. दोघी पिळत राहिल्या.

भाऊ चहा पिऊन एकटाच मुलुंडला गेला. डाग काही पुरते निघाले नाहीत. गोधडी मात्र दुसऱ्या दिवसापासून परत गॅलरीत उन्हाला पडायला लागली.